ज्याच्या रानात, त्याच्या घरी पाहुणा

दिवाळी सरली की तिप्पेवाडी रिकामी होते. जतच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला असलेली ही धनगरांची वाडी. मेंढरं, घोडी, कोंबड्या, तान्ही पोरं असं सगळं बिऱ्हाड बांधून लोक खाली कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतात, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पाऊस पडायच्या बेताला परत येतात. मागं राहतात ती न चालणारी माणसं. भामाबाई जन्मभर चालली होती आणि मागं राहणाऱ्यांना मनातल्या मनात हसली होती. मग तिचा उजवा गुडघा बसला. पोरगा सिद्धू आणि सून राणी मेंढरं घेऊन कुंडलच्या बाजूला जायची आणि भामाबाई घर राखायची. राखायची असं आपलं म्हणायचं. घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि चोर असलाच तर तोही हिवाळ्यात कृष्णाकाठालाच गेला असता.

अशा रिकाम्या वाडीत नानासोंनी माळ महोत्सव काढला. नानासो सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त होऊन गावाकडं आले आणि आल्यापासून त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं. सांगलीहून, साताऱ्याहून, पुण्याहून माणसं दुर्बिणी गळ्यात घालून आपला उघडा माळ बघायला येतात हे त्यांनी बरोबर हेरलं. आपण ज्याला पडीक म्हणतो तो गवताचा माळ ही मंडळी राखायला सांगतात, त्यात चंडोल, धाविक असे पक्षी आहेत, खोकड आहे असं म्हणून वाकून वाकून फोटो काढतात, हे पाहिल्यावर नानासोंना स्वतःच्या पडीक जमिनीबद्दलसुद्धा आदर वाटायला लागला. जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, दोन दिवसांचा महोत्सव ठरला. सकाळी पक्षी, दुपारी भाषणं, संध्याकाळी हुरडा आणि ओव्या. पाहुण्यांनी राहायचं ते वाडीतल्या घरांतच. आणि कुठल्या घरी कोण, याचा नियम नानासोंनी एका वाक्यात बसवला. ज्याच्या रानात काही बघण्यासारखं, त्याच्या घरी पाहुणा.

नियम चांगला होता. म्हाताऱ्यांनी घरट्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली, बाभळीची खोडं तुटायची थांबली. एकानं तर विहिरीतल्या सापाला कुणी हात लावू नये म्हणून विहिरीलाच कुंपण घातलं. पण ज्याच्या रानात काहीच नाही त्यानं काय करायचं, हे नियमात नव्हतं.

पहिल्या वर्षी भामाबाईच्या विहिरीच्या कपारीत शिंगाळं घुबड होतं. त्या घुबडाच्या पुण्याईनं तिच्या घरी सृष्टी आली. सृष्टी वाईची. बाप सैन्यात, पोरगी साताऱ्याला कॉलेजात शिकत होती. दोन रात्री राहिली. घुबड तिनं अर्धा तास बघितलं आणि बाकी सगळा वेळ भामाबाईच्या मागं मागं हिंडली. लोकर कशी कातायची, हुलग्याचं माडगं कसं करायचं, घोडीवर तान्हं पोर कसं बांधायचं. भामाबाईला एवढं कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं. सासूनं काम सांगितलं होतं, नवऱ्यानं वाट सांगितली होती, पोरानं निरोप सांगितला होता. विचारलं ते या पोरीनं. जाताना सृष्टीनं नंबर घेतला आणि वर्षभरात दोनदा फोन केला. त्यातला दुसरा चुकून लागला होता, पण भामाबाई दोन्ही धरत होती.

दुसऱ्या वर्षी घुबड दुसरीकडं गेलं. सृष्टी आली, पण तिला चिंचेवर ढोकरी पक्ष्यांची घरटी असलेल्या घरी जावं लागलं. जीपमधून तिनं हात केला, एकदा पाच मिनिटं येऊनही गेली. भामाबाईनं तिच्यासाठी केलेलं माडगं दोन दिवस एकटीनं संपवलं.

आणि आता तिसरं वर्ष. महोत्सवाला आठवडा राहिला असताना नानासो मोटारसायकल लावून अंगणात आले. घोंगडीवर बसले, पाणी प्यायले आणि कामाचं बोलले.

"आक्का, तुझ्याकडं काय हाय यंदा?"

"काय असणार? मी हाय."

"तू तर हायसच गं. बघण्यासारखं इचारतोय."

भामाबाई हसली. नानासोंचं तोंड तसंच होतं. त्यात खोट नव्हती म्हणून राग धरता येत नव्हता. तिनं अंगणातलं शेण उचलल्यासारखं केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती वाईची पोरगी येनार हाय का?"

"सृष्टी? येनार की. फोन आलता. म्हनत हुती, मला भामाआज्जीकडंच ठेवा, हे माझं शेवटचं वरीस हाय, आता शिकाय भाईर लांब जानार हाय म्हनून."

"मग ठेवा की."

"कसं ठेवू, आक्का? नेम म्हंजे नेम. आज तुझ्यासाठी मोडला की उद्या भीमण्णा म्हननार, माझ्याकडं सरडा हाय, मला जिल्ह्याचा सायेब द्या. तिला चिंचवाल्यांकडं टाकलीया. तिथं आता बगळं बी आल्यात."

नानासो उठले. मोटारसायकलला लाथ मारायला पाय उचलला. आणि भामाबाईच्या तोंडातून ते निघून गेलं.

"माझ्या वघळीत लांडगीण व्यालीया."

नानासोंचा पाय हवेतच राहिला.

भामाबाईला हे ठाऊक होतं त्याला महिना झाला होता. घरामागं ओघळीच्या दरडीला, बोराटीच्या जाळीखाली लांडगिणीनं बीळ उकरलं होतं. तिनं हे सिद्धूलासुद्धा फोनवर सांगितलं नव्हतं. धनगराच्या घरात ही रीतच. रानातली बाळंतीण कुठं आहे ते बोलायचं नाही. भामाबाईचा नवरा तर कळपातलं कोकरू गेलं तरी आरडाओरडा करत नसे. तिचा वाटा तिनं नेला म्हणायचा आणि पुढं चालायचा. बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस डोकावत नाही, तसंच हे. डोकावलं तर ती पोरं घेऊन उठते, आणि मग पुन्हा कुठं जाईल ते कुणी सांगावं? हे सगळं भामाबाईला नानासो जन्माला यायच्या आधीपासून माहीत होतं. पण सृष्टीचं हे शेवटचं वर्ष आहे हे तिला आत्ता कळलं होतं, आणि माणूस नेहमी आत्ता कळलेल्या गोष्टीच्या बाजूनं निर्णय देतो.

"आक्का," नानासो घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पिल्लं हायत?"

"हायत. पर लांबनं बघायचं. हिवराच्या झाडाच्या फुडं कुनी जायचं न्हाई. आन् गप बसायचं."

"आवाज कसला गं! फुलपाखराला बी कळनार न्हाई." नानासोंनी मोटारसायकल पेटवली, वळवली, आणि जाता जाता ओरडले, "सृष्टी तुझ्याकडं! आन् सगळ्या बाया बी तुझ्याकडंच!"

सगळ्या बाया तिनं मागितल्या नव्हत्या. पण एकीला मागितल्यावर पाचसहा येतात ही सरकारी पद्धत असावी, असं तिनं धरलं आणि घर सारवायला घेतलं.

ओघळीच्या पलीकडं मुरमाची जुनी खाण, आणि त्या खाणीपासून पुढं सगळं रान कोंडीबाचं. कोंडीबा तिचा धाकटा दीर. त्याची कंबर गेली होती म्हणून तोही मागं राहायचा. बायको, पोरं, नातवंडं सगळी मेंढरांमागं. बांध कोरल्याच्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं, ते सिद्धूच्या लग्नाआधीपासून. हिवाळ्यात त्या माळावर हाकेच्या अंतरात दोघंच माणसं असायची. अशा ठिकाणी न बोलायला खरं तर फार कष्ट पडतात, पण दोघंही कष्टाळू होती.

महोत्सवाच्या दिवशी शाळेपुढं मांडव पडला. नानासोंनी घाईनं नवीन फ्लेक्स करून आणला होता. त्यावर एवढा मोठा लांडगा होता. तो बर्फात उभा होता. जतच्या लोकांनी तो फ्लेक्स आदरानं पाहिला. आपल्या माळावर टँकरशिवाय पाणी येत नाही आणि हा कुठून एवढ्या पाण्यात उभा राहिला, असं कुणी बोलून दाखवलं नाही. लांडग्याच्या पोटाखाली नानासोंचा हात जोडलेला फोटो होता, त्याच्या शेजारी प्रमुख पाहुण्यांचा, आणि अगदी कोपऱ्यात, आधार कार्डावरून काढलेला भामाबाईचा. त्यात ती गुन्हेगारासारखी दिसत होती.

सृष्टी जीपमधून उतरली ती धावत आली. भामाबाईच्या पायाला हात लावला, गळ्यात पडली. पोरगी वाळली होती, चष्मा आला होता. "आज्जी, यंदा तुमच्याकडं! नानासरांनी सांगितलं. घुबड परत आलं का?"

"घुबाड न्हाई." भामाबाईनं फ्लेक्सकडं बोट केलं. "त्यो."

सृष्टीनं फ्लेक्स पाहिला आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. ते उतरणं भामाबाईला दिसलं. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच तोंड उतरावं, हे गणित तिच्या डोक्यात बसेना.

"बीळ आहे? पिल्लं?"

"डोळं उघडल्यात. बिळाच्या तोंडाशी खेळत्यात, फुडं येत न्हाईत."

"मग नको न्यायला लोकांना. आज्जी, तुम्हाला तर माहितीये हे. मागं तुम्हीच सांगितलेलं मला, बाळंतिणीचं."

"लांबनं बघनार हायत."

"का सांगितलंत?"

भामाबाईच्या ओठाशी खरं उत्तर आलं होतं. पण म्हाताऱ्या माणसानं तरण्या पोरीला, तू यावंस म्हणून, असं कसं सांगायचं? ते भीक मागितल्यासारखं होतं. ती म्हणाली, "इचारलं. सांगितलं."

सृष्टी नानासोंकडं गेली. नानासोंनी तिचं सगळं मान हलवून ऐकलं, आणि ज्या गोष्टी ते मान हलवून ऐकत त्या ते करत नसत, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. सृष्टीला ते नवीन होतं.

उन्हं उतरल्यावर सगळी मंडळी हिवराच्या झाडापाशी आली. येईपर्यंत खरंच शांत आली. चपला हातात घेतल्या, खोकला आलेल्यानं तोंडात रुमाल कोंबला. बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती, तिसरं उताणं पडलं होतं. बायांनी हाताची ओंजळ तोंडावर धरली. एका माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. भामाबाईला वाटलं, बरं झालं, काही बिघडलं नाही, आपण उगीच भ्यालो.

बिघडलं ते प्रमुख पाहुण्यांमुळं. त्यांची गाडी वाटेत पंक्चर झाली होती, ते मागून थेट हिवरापाशीच आले. आता आलेल्या पाहुण्याचं स्वागत न करणं तिप्पेवाडीला जमत नाही. मांडवासाठी आणलेला हलगीवाला मंडळींबरोबर इथवर येऊन रिकामाच बसला होता; त्याला कुणी सांगितलं नव्हतं की इथं वाजवायचं नाही, कारण हलगीवाल्याला कुणी असं सांगतच नाही. गाडीचं दार उघडलं आणि हलगी कडाडली. प्रमुख पाहुणे लाजले, त्यांनी हात जोडले. नानासोंनी त्यांच्या हाती नारळ दिला. दर्शनाचं उद्घाटन व्हायला पाहिजे होतं. नारळ फोडायला दगड पाहिजे, आणि चांगला दगड हिवराच्या पुढं, ओघळीच्या काठावर होता.

"नानासर, नको!" सृष्टी ओरडली, आणि तिच्या ओरडण्यानं उरलेली शांतताही गेली.

नारळ एका दणक्यात फुटला. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग भामाबाईला पुढं ओढून तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात दुसरा नारळ दिला आणि फोटोसाठी तिला ओघळीकडं पाठ करून उभं केलं. त्यामुळं समोरचा टेकाडाचा माथा फक्त तिलाच दिसत होता. तिथं लांडगीण उभी होती. पोटाला आचळं लोंबत होती. ती पळत नव्हती, दात दाखवत नव्हती. ती नुसती या घोळक्याकडं बघत होती, आणि घोळक्यातून वेगळं काढून भामाबाईकडं बघते आहे असं भामाबाईला वाटलं. तसं वाटायला शाल कारणीभूत असेल. अंगावर शाल पडली की माणसाला सगळे आपल्याकडंच बघतात असं वाटतं.

"आक्का, हसा जरा," फोटोवाला म्हणाला.

रात्री घर भरलं. सहा बाया, सहा पिशव्या, मोबाईल लावायला एकच बटण. चुलीपुढं गर्दी झाली. कुणी भाकरी थापायला बघितली, कुणी थापणारीचा फोटो काढला. हुरडा झाला, शेंगाची चटणी झाली, हसणं झालं. भामाबाईच्या घरात एवढा आवाज सिद्धूच्या लग्नानंतर पहिल्यांदा झाला होता. आणि त्या सगळ्या आवाजात ती एकाच आवाजाकडं कान लावून होती. सृष्टी बोलत होती, नाही असं नाही. ताट उचलू का विचारलं, गुडघा कसा आहे विचारलं. पण लोकरीचं विचारलं नाही, जुनं काही विचारलं नाही. जेवली आणि भिंतीकडं तोंड करून लवकर झोपली. तिच्या पाठीकडं बघत भामाबाई बराच वेळ बसली. पाहुणी घरात होती. जे मागितलं होतं ते पुरं मिळालं होतं, आणि आता तक्रार करायला तोंड नव्हतं.

पहाटे, तांबडं फुटायच्या बेताला, ती परसाकडं म्हणून बाहेर पडली. धुकं नव्हतं, गारठा होता. ओघळीतून लांडगीण वर आली. तोंडात पिल्लू होतं. ती भामाबाईच्या रानातून तिरकी निघाली आणि कोंडीबाच्या बांधाशी थांबली. पिल्लू खाली ठेवलं. जीभ बाहेर, बरगड्या वर-खाली. रात्रभर तिनं हे किती वेळा केलं होतं कोण जाणे; तिच्या एका पायात जोर नव्हता. पिल्लू कुईं करायला लागलं तसं तिनं त्याला पुन्हा मानेला धरलं, बांध ओलांडला आणि मुरमाच्या खाणीत उतरली.

भामाबाई तशीच उभी राहिली. सिद्धू झाला तेव्हा बिऱ्हाड कराडच्या अलीकडं एका उसाच्या फडाशेजारी होतं. दुसऱ्या दिवशी रानाच्या मालकाचे पाहुणे जेवायला यायचे होते म्हणून त्यानं बिऱ्हाड उठवायला सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, पोराच्या नावानं त्यानं गूळ दिला होता. ती ओल्या अंगानं, पोराला छातीशी धरून, गुळाचा खडा तोंडात घेऊन दिवसभर चालली होती. हे तिला कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं. आठवण्यासारखं तिला ते कधी वाटलंच नव्हतं.

उजाडल्यावर हाकाटी झाली. बीळ रिकामं होतं. नानासो ओघळीच्या काठावर फुटक्या नारळाच्या करवंटीशेजारी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दुसरा अख्खा दिवस पडला होता आणि दाखवायला काही नव्हतं.

"लांब न्हाई गेली," त्यांनी सगळ्यांपुढं जाहीर केलं. "पिल्लं घिऊन किती जाईल? कुनीतरी बघितलीच आसंल. ज्याच्या रानात घावली त्याच्या घरी आजचा मुक्काम, आन् शाल त्याला. न्हाई घावली तर दुपारी गाड्या काढू आन् सागरेश्वरला हरनं दावायला न्हिऊ. मी कोंडीबाला बी इचारून आलोय, त्यो म्हनतोय माझ्या रानात दगडं हायत." मग ते भामाबाईकडं वळले. "आक्का, तू पहाटं उठतीस. काय दिसलं?"

भामाबाईनं हिशेब केला. हिशेबात ती कच्ची नव्हती. आठवड्याच्या बाजारात तिला कुणी फसवलेलं नाही. खाण म्हणावं तर रान कोंडीबाचं. म्हणजे पाहुणे त्याचे. पण त्याच्या घरी बाईमाणूस नाही. बाया तिथं कशा राहतील? बाया इथंच राहणार. म्हणजे शाल कोंडीबाला आणि सृष्टी आपल्याला, आणखी एक रात्र. कालची रात्र फुकट गेली. आजची तशी जाणार नाही. आज पोरगी बोलेल. कोंडीबाच्या अंगावर शाल बघावी लागेल, तेवढं सोसता येईल. हिशेब चोख होता. कुठूनही धरला तरी सांगण्यातच फायदा होता.

"गेली," ती म्हणाली. "बोर नदीच्या अंगाला उतारली. कर्नाटकात गेली आसंल आता."

"तू बघितलीस?"

"बघितली की. पोरं घिऊन गेली."

नानासोंनी सुस्कारा टाकला. कर्नाटकात गेलेल्या गोष्टीचं काही करता येत नाही, हे पाण्याच्या भांडणापासून त्यांना ठाऊक होतं.

यात दया किती होती आणि कोंडीबाला शाल मिळू नये हे किती होतं, हे भामाबाईला विचारलं असतं तर तिलाही वेगळं काढून सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच तागडीत बसलं होतं. कोंडीबाच्या खांद्यावरची ती लाल काठाची शाल तिच्या डोळ्यांपुढं येऊन गेली होती, हे मात्र खरं.

बाया पिशव्या भरायला लागल्या. सृष्टी परसात आली. भामाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती, लागत नव्हते तरी टाकत होती.

"आज्जी, खरंच गेली?" सृष्टीनं हळू आवाजात विचारलं. "मला एकटीला सांगा. मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त लांबून बघायचं, पिल्लं सगळी नीट आहेत का ते. माझ्या अभ्यासाला लागेल. मी थांबते इथं तुमच्याकडं, बाकीचे जाऊ दे सागरेश्वरला. चार दिवस थांबते पाहिजे तर."

चार दिवस. भामाबाईच्या हातातले दाणे संपले होते तरी हात टाकायचा थांबला नाही. चार दिवस म्हणजे चार रात्री, माडगं, लोकर, घोडी, सगळं. पोरगी खोटं बोलणारी नव्हती. ती कुणाला सांगणार नाही हे भामाबाईला पटत होतं. पण काल लोकांनीही चपला हातात घेतल्याच होत्या. आणि ही पोरगी रोज खाणीकडं जाणार. तिच्या पावलामागं नानासो येणार, नानासोंच्या मागं गाडी, गाडीमागं हलगी. कुणाच्याच मनात वाईट नसणार.

"न्हाई गं बाळा," ती म्हणाली. "पार गेली ती. मी काय खोटं बोलीन?"

सृष्टी तिच्याकडं बघत राहिली. तिला संशय आला का, की ती फक्त निराश झाली, हे चष्म्यामुळं कळलं नाही. "बरं," ती म्हणाली. "मग मी पण निघते यांच्याबरोबर. आज्जी, मी जरा रागावले होते काल. राग धरू नका."

"माझा कसला राग."

"मी फोन करीन."

"कर की. येळ मिळंल तवा कर."

सृष्टीनं वाकून पायाला हात लावला. भामाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुद्दाम लवकर काढला. जीपमध्ये पोरगी मागच्या बाजूला बसली. हात केला. मग गाडी वळली आणि धुळीत माणसं दिसेनाशी झाली. मागं नानासोंचं आभाराचं भाषण स्पीकरवर चालू होतं; ऐकायला हलगीवाला होता.

दुपारभर भामाबाईनं घोंगड्या झटकल्या. एकीचा कंगवा राहिला होता, एकीचं पावडरीचं डबडं. सृष्टीचं काही राहिलं नव्हतं. व्यवस्थित पोरगी.

ऊन कलताना बांधावर कोंडीबा आला. कंबर धरून, काठी टेकत. त्याच्या दुसऱ्या हातात सुंभाची दोरी होती आणि दोरीला त्याचं तांबडं कुत्रं. त्या कुत्र्याच्या गळ्याला जन्मात कधी दोरी लागलेली कुणी पाहिली नव्हती, आणि कुत्र्यालाही ते पटलेलं दिसत नव्हतं. चार पाय रोवून ते खाणीकडं ओढ घेत होतं, आणि कोंडीबा दुखऱ्या कमरेनं त्याला माघारी ओढत होता.

एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांची जनावरांमुळं मोठी सोय होते. कोंडीबा बांधावर थांबला आणि कुत्र्याला म्हणाला, "तिकडं न्हाई जायाचं आता म्हैनाभर. कळ्ळं का? गेलीया म्हनं ती कर्नाटकात."

भामाबाई घोंगडी हातात धरून उभी राहिली. सकाळी नानासो त्यालाही विचारून आले होते. माझ्या रानात दगडं आहेत म्हणाला होता. तीन वर्षांत ज्याच्या अंगणात एकही पाहुणा चढला नव्हता, त्याला एका शब्दात घरभर पाहुणे मिळाले असते. बाईमाणूस नाही म्हणून बाया नसत्या आल्या, पण प्रमुख पाहुणे तरी आले असते, पुरुष मंडळी आली असती, कुणी त्याला त्याच्या कमरेचं विचारलं असतं. त्याच्याही घरात हिवाळ्याचा आवाज तेवढाच होता जेवढा तिच्या.

ती शेजारच्या कोंबडीला म्हणाली, "व्हय. मी सोता बघितली जाताना."

"बरं झालं," कोंडीबा कुत्र्याला म्हणाला. "लय माणसं आलती ह्या माळावर. चल."

आणि तो वळला. कुत्रं शेवटचं एकदा खाणीकडं बघून त्याच्या मागं ओढत निघालं.

टोपल्यात सकाळच्या भाकऱ्या होत्या. सहा बायांच्या हिशेबानं थापलेल्या, आणि चटणी पुष्कळ. कोंडीबाच्या घरावर अजून धूर नव्हता. कंबर दुखत असली की तो चूल पेटवत नाही हे तिला बांधापलीकडून इतकी वर्षं दिसत आलं होतं. भाकऱ्या उरल्यात, एवढंच म्हणायचं होतं. ते नेमकं कुणाला उद्देशून म्हणावं, याचा ती विचार करत राहिली. कोंबडी तर पायाशीच होती, पण भाकरीचं कोंबडीला सांगून उपयोग नव्हता, आणि कुत्रं तोवर लांब गेलं होतं.